म्हाताऱ्या उंदरांचा निकालही छापा : स्ट्रोक आणि नॉनकोडिंग आरएनएवर काम करणाऱ्या संशोधकांना खुलं पत्र

स्ट्रोकनंतर मेंदू वाचवण्यासाठी नॉनकोडिंग आरएनएवर काम करणाऱ्या सर्व संशोधकांना,

सप्रेम नमस्कार.

चार वर्षं मी तुमच्यातलीच एक होते. उंदरात मुद्दाम स्ट्रोक घडवायचा : त्याच्या मानेतली धमनी उघडायची, टोकाला सिलिकॉन लावलेला नायलॉनचा बारीक धागा आत सरकवत मेंदूच्या मधल्या धमनीच्या तोंडाशी नेऊन ठेवायचा, तासभर थांबायचं, धागा काढायचा. दुसऱ्या दिवशी मेंदू काढून त्याच्या मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या करायच्या आणि त्या टीटीसी नावाच्या रसायनाच्या द्रावणात सोडायच्या. द्रावण ३७ अंशांवर असतं. पाच-दहा मिनिटांत चकतीला रंग चढू लागतो. ज्या पेशी जिवंत आहेत तिथे विटेसारखा लाल, जिथे मेल्या तिथे पांढराच. मी त्या डबीवर वाकून बघत बसायचे. पांढरा डाग लहान निघाला की दिवस चांगला गेला असं वाटायचं.

तुम्हाला यातलं काहीच नवीन नाही. पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील, म्हणून थोडं मागून सुरुवात करते.

माणसाच्या डीएनएमध्ये प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण वीस हजार. त्यांनी व्यापलेली जागा दोन टक्क्यांच्याही आत. उरलेल्या भागातूनही पेशी भरपूर आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या नकला, तयार करते, पण त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. हेच नॉनकोडिंग आरएनए. बरीच वर्षं या भागाला अडगळ समजलं गेलं. १९९३ मध्ये व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत लिन-४ नावाचा, जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए काय करतो ते दाखवलं. तो दुसऱ्या एका आरएनएला चिकटून त्याचं प्रथिन बनणं रोखत होता. सात-आठ वर्षं लोकांना ती त्या कृमीची खासियत वाटली. मग असेच चिमुकले आरएनए, म्हणजे मायक्रोआरएनए, माणसासकट सगळ्या प्राण्यांत सापडू लागले, आणि २०२४ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळालं.

आता स्ट्रोक. बहुतेक स्ट्रोक मेंदूच्या धमनीत गुठळी अडकून होतात. मोठी धमनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, हा न्यूरोलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांचा २००६ चा हिशेब. जिथे रक्त जवळपास पूर्णच थांबतं तो भाग काही मिनिटांतच संपतो. त्याच्या भोवतीचा भाग मात्र अर्धमेला असतो. काम थांबलेलं, पण जीव आहे. त्यालाच आपण पेनम्ब्रा म्हणतो. रक्त परत आलं तर तो वाचतो. आणि रक्त परत आलं तरी पुढचे काही दिवस सूज, दाह, पेशींची आतून होणारी मोडतोड आणि रक्तवाहिन्यांची गळती चालूच राहते.

मला नॉनकोडिंग आरएनएवर मनापासून विश्वास वाटतो तो या दुसऱ्या टप्प्यामुळे. आजवरची मेंदू वाचवणारी औषधं एकेका वाटेवर पहारा देत होती. कुणी ग्लुटामेट अडवलं, कुणी कॅल्शियम, कुणी मुक्त मूलकं. पण मरणाऱ्या पेशीला वाटा अनेक असतात, एक बंद केली तर ती दुसरीने जाते. एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात घालतो. दाह आणि पेशीमृत्यू दोन्हींवर एकाच वेळी चाप बसवू शकेल असं साधन पहिल्यांदाच हाती आलंय. शिवाय त्याचा परिणाम दिसायला तास-दिवस लागतात आणि दुसरा टप्पाही तास-दिवसांचाच असतो. वेळ जुळते.

पुरावेही पोकळ नाहीत. स्टॅनफर्डमधल्या रोना गिफर्ड यांच्या गटाने मायक्रोआरएनए-१८१ ला अडवणारा रेणू उंदरांना स्ट्रोक होऊन गेल्यानंतर दिला, तरी इजा कमी झाली आणि नंतरच्या आठवड्यांत त्यांची हालचालही सुधारली. मायक्रोआरएनए-१५५ ला अडवणारा रेणू तर २०१५ च्या एका अभ्यासात तब्बल ४८ तासांनी, शिरेतून द्यायला सुरुवात केली होती, आणि तरीही उपयोग झाला. विस्कॉन्सिनमधल्या रघु वेमुगंटी यांच्या गटाने मायक्रोआरएनए-७ वर केलेलं काम मला सगळ्यात सुंदर वाटतं. स्ट्रोकनंतर मेंदूत हा मायक्रोआरएनए घटतो, तो घटला की अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन वाढतं आणि पेशींना मारतं. मायक्रोआरएनए-७ बाहेरून भरून काढला की नुकसान कमी होतं. याच मायक्रोआरएनएला सांभाळणारा एक गोल आरएनए आहे, सीडीआर१एएस. त्याला टोकं नसतात, म्हणून टोकापासून आरएनए कुरतडणारी विकरं त्याच्यापुढे हतबल होतात. त्याच्यावर मायक्रोआरएनए-७ साठी सत्तरहून जास्त जागा असतात. कुणी ठरवून बांधावी अशी ही रचना, आणि ती आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात आहे.

लांब आरएनएंबद्दल थोडक्यात सांगते. मॅलॅट-१ हा फुप्फुसाच्या कर्करोगात सापडलेला आरएनए मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींना जपतो, तो नसलेल्या उंदरांत स्ट्रोकची इजा मोठी होते. फॉसडीटी मात्र उलट, स्ट्रोकनंतर वाढतो आणि नुकसान करतो. म्हणजे ‘नॉनकोडिंग आरएनए मेंदू वाचवतो’ हे वाक्यच अर्धवट आहे. काही वाचवतात, काही मारतात, आणि काही कधी वाचवतात, कधी मारतात.

त्या तिसऱ्या गटाबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय. मायक्रोआरएनए-१२४ घ्या. मेंदूत तो प्रचंड प्रमाणात असतो. २०१३ मध्ये एका गटाने दाखवलं की तो वाढवला तर स्ट्रोकची इजा कमी होते. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं की तो कमी केला तर इजा कमी होते. दोन्ही निबंध नीट केलेले आहेत. फरक कशात असेल? कधी दिला, किती दिला, कोणत्या पेशीत पोहोचला, धमनी किती वेळ बंद ठेवली होती, यापैकी कशातही असू शकतो. तसं असणं स्वाभाविक आहे. पण त्यानंतर दोन्ही गटांनी मिळून, एकाच पद्धतीने, एकमेकांच्या प्रयोगशाळेत तो प्रयोग पुन्हा करायला हवा होता. त्याऐवजी आपण सगळे पुढच्या क्रमांकाच्या मायक्रोआरएनएकडे वळलो. मीही वळले.

माझ्या वहीतली एक गोष्ट सांगते. कोणता रेणू आणि कोणती प्रयोगशाळा ते सांगणार नाही, कारण तक्रार त्या एका ठिकाणाबद्दल नाहीच. पहिल्या तुकडीत दहा-बारा आठवड्यांचे तरुण नर होते. औषध आदल्या दिवशी थेट मेंदूच्या पोकळीत टोचलं होतं. पांढरे डाग लहान निघाले. सगळे खूश झाले. पण कोणत्या पिंजऱ्यातल्या उंदराला काय दिलंय ते मला ठाऊक होतं आणि डागांच्या कडा आखणारीही मीच होते. वर्षभराने मी हट्टाने दुसरी तुकडी केली. या वेळी म्हातारे प्राणी घेतले, त्यांत माद्याही होत्या. औषध धागा काढल्यानंतर दिलं आणि पिंजऱ्यांचे क्रमांक दुसऱ्याकडून बदलून घेतले. फरक उरला नाही. मला सांगण्यात आलं की म्हाताऱ्या प्राण्यांची शस्त्रक्रिया बिघडली असेल. पहिली तुकडी छापली गेली. दुसरी वहीतच राहिली.

तेव्हा मला फक्त वाईट वाटलं होतं. राग आला तो तीन वर्षांनी, वडिलांना स्ट्रोक झाला त्या सकाळी.

रात्री ते नेहमीसारखे वाचत पडले आणि झोपले. सकाळी उजवा हात उचलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं होतं?’’ मी म्हणाले, ‘‘रात्री साडेदहाला.’’ बोलता बोलताच मला कळलं की मी आत्ता एक दार बंद केलं. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत साडेचार तास आणि घड्याळ धरायचं शेवटच्या ठणठणीत क्षणापासून. तारेने गुठळी ओढून काढता येते, २०१५ पासून तो उपचार सिद्ध आहे आणि निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंत चालतो, पण त्यांची गुठळी बारीक फांदीत होती. एमआरआयवर अजून वाचवण्यासारखा भाग दिसतो का, तेही पाहिलं. फारसा उरला नव्हता. डॉक्टरांनी काहीच चुकीचं केलं नाही. त्यांच्या हातात देण्यासारखं दुसरं काही नव्हतं, इतकंच.

आज वडील चालतात. हात छातीशी आखडलेला आहे. बोलताना ‘हो’ हा एकच शब्द नीट येतो. ‘हो’ म्हणजे हो, आणि ‘हो’ म्हणजेच नाही. कोणता ‘हो’ कशाचा, ते आईला डोळ्यांवरून कळतं. मला अजून दहातले सात कळतात.

हे सहानुभूतीसाठी लिहिलेलं नाही. ज्या रुग्णाला तुमचं औषध मिळणार आहे तो दिसतो कसा, ते तुमच्यासमोर यावं म्हणून लिहिलंय. तो साठी-सत्तरीचा असतो. त्याला वर्षानुवर्षं रक्तदाब असतो, बऱ्याचदा मधुमेहही. तो बाई असण्याची शक्यताही तितकीच असते. स्ट्रोकच्या आदल्या दिवशी त्याला कुणी औषध देत नाही, आणि त्याच्या मेंदूच्या पोकळीत सुई खुपसायला कुणी धजणारही नाही. आपल्या निबंधांतला दहा आठवड्यांचा निरोगी नर उंदीर आणि हा माणूस यांच्यात साम्य किती?

बाई असण्याचा मुद्दा मी उगाच काढला नाही. टेक्सासमध्ये अमुथा सेल्वामणी आणि फरीदा सोहराबजी यांनी २०१२ मध्ये लेट-७एफ या मायक्रोआरएनएला अडवणारा रेणू उंदरांच्या माद्यांना दिला. इजा कमी झाली. अंडाशय काढलेल्या माद्यांमध्ये मात्र तोच रेणू निष्फळ ठरला. २०१७ मध्ये त्याच गटाने मायक्रोआरएनए-३६३-३पी दिला. माद्या वाचल्या, नरांना काडीचा फायदा झाला नाही. त्यांनी फक्त नर वापरले असते तर हा रेणू कचऱ्यात गेला असता. आणि फक्त नरांत चालणारे किती रेणू आज आपण ‘आशादायक’ म्हणून मिरवतोय, ते तपासल्याशिवाय कसं कळणार?

या क्षेत्राला ठेच नवी नाही. २००६ मध्ये कुणीतरी बसून मोजलं : स्ट्रोकसाठी प्रयोगात तपासलेल्या उपचारांची संख्या १,०२६ होती. त्यातले ११४ माणसांपर्यंत पोहोचले. गुठळी विरघळवणं सोडलं तर पदरात काही पडलं नव्हतं. एनएक्सवाय-०५९ हे मेंदू वाचवण्यासाठीचं औषध आठवतं ना? पहिल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला, दुसऱ्या, त्याहून मोठ्या चाचणीत २००७ मध्ये तो नाहीसा झाला. नंतर जुने प्राण्यांवरचे निबंध उकरून पाहिले, तर जिथे यादृच्छिक निवड (चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी) आणि आंधळी मोजणी (मोजणाऱ्याला गट माहीत नसणं) नव्हती तिथेच फायदा जास्त दिसत होता. २०२० मध्ये नेरिनेटाइड या अशाच औषधाची १,१०५ रुग्णांवरची चाचणीही एकूणात फसली. तिथे पटण्यासारखं एक कारण पुढे आलं : गुठळी विरघळवणाऱ्या औषधामुळे जे प्लाझ्मिन नावाचं विकर तयार होतं तेच या रेणूचे तुकडे करत होतं. जपानमध्ये एडाराव्होन हे औषध २००१ पासून वापरतात हे खरं, पण जगभर मान्य झालेलं मेंदू वाचवणारं औषध आजही नाही.

आता तीच वाट आपण आरएनएसह चालतोय. दर महिन्याला नवा मायक्रोआरएनए येतो, नवा गोल आरएनए येतो, तोच बाण-बाणांचा आकृतिबंध येतो : हा त्याला शोषतो, तो ह्याला सोडतो, उंदीर वाचतो. मला या कामाची हेटाळणी करायची नाही, त्यातले काही बाण मीच काढलेत. पण बाण वाढल्याने रुग्णाच्या जवळ जाता येत नाही.

पोहोचवण्याचा प्रश्नही तितकाच मोठा आहे, आणि तो शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत उरकण्याची आपल्याला सवय लागलीय. शिरेतून दिलेले हे रेणू बहुतांशी यकृतात आणि मूत्रपिंडात जातात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत त्यांना आत घेत नाही. छोट्या आरएनएने जनुक गप्प करणारं पहिलं औषध, यकृतात काम करणारं पॅटिसिरान, २०१८ मध्ये मान्य झालं ते म्हणूनच. स्नायू दुबळे करणाऱ्या एसएमए या मज्जारज्जूच्या आजारासाठी नुसिनर्सेन २०१६ मध्ये आलं, पण ते कण्यात सुई घालूनच द्यावं लागतं. मायक्रोआरएनएवर आधारलेलं एकही औषध अजून मान्य नाही. कर्करोगासाठी मायक्रोआरएनए-३४ ची नक्कल देणारी चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण रुग्णांच्या प्रतिकारशक्तीने गंभीर उसळी घेतली होती. एकाच वेळी शेकडो जनुकांना हात घालण्याची जी ताकद मी वर कौतुकाने सांगितली, तिची ही दुसरी बाजू. मेंदू सोडून इतरत्र पोहोचलेला रेणू तिथे काय करतो, हे पाहणं मेंदू पाहण्याइतकंच गरजेचं आहे.

रस्ता कुणी दाखवलाच नाही असंही नाही. २०२० मध्ये चीनमधल्या संशोधकांनी सर्क-एससीएमएच१ हा गोल आरएनए पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत भरला, पिशव्यांवर रेबीजच्या विषाणूतला मेंदूकडे जाणारा तुकडा बसवला आणि स्ट्रोकनंतर शिरेतून दिला. आधी उंदरांना, मग माकडांना. दोन्हींची हालचाल सुधारली. मला त्यात दोन गोष्टी मोलाच्या वाटल्या. एक, त्यांनी उंदरावर न थांबता माकडापर्यंत मजल मारली. दुसरी, त्यांनी डागाच्या आकाराला शेवटचा शब्द मानलं नाही, प्राणी पंजा कसा वापरतो ते पाहिलं. माझ्या वडिलांचा एमआरआयवरचा डाग किती मोठा आहे ते मला पाठ आहे, पण त्यांच्यासाठी प्रश्न शर्टाचं बटण लागतं का, एवढाच आहे.

अमेरिकेत स्पॅन नावाचं जाळं उभं राहिलं तेही याच वाटेचं. सहा प्रयोगशाळा, सहा उपचार, एकच पद्धत. तरुण उंदीर, म्हातारे उंदीर, लठ्ठ उंदीर, जन्मजात उच्च रक्तदाबाचे उंदीर, नर आणि माद्या. कुणाला काय दिलंय ते शस्त्रक्रिया करणाऱ्याला माहीत नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा सहातला फक्त एक, यूरिक अॅसिड, ठरवलेली रेषा ओलांडू शकला. काहींना ती निराशा वाटली. मला नाही वाटली. पाच उपचारांची खरी ताकद उंदरांतच कळली, हजार रुग्णांवर करून पाहावी लागली नाही. पण त्या सहात एकही नॉनकोडिंग आरएनए नव्हता.

माझी मागणी ही आहे. नवा रेणू शोधणं दोन वर्षं थोडं मागे ठेवा. तुमच्यात बसून दोन किंवा तीन रेणू निवडा. माझ्या मते मायक्रोआरएनए-७, मायक्रोआरएनए-१८१ आणि सर्क-एससीएमएच१, पण निवड तुमची. ते अशाच जाळ्यातून न्या. औषध धागा काढल्यानंतर द्या, आधी नाही. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाबरोबरही देऊन पाहा, नेरिनेटाइडची चूक पुन्हा नको. यकृत, फुप्फुस, हृदय तपासा. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नंतरही प्राण्याच्या अंगाचं तापमान सांभाळा आणि ते छापा, कारण नुसती गादी थंड पडली तरी मेंदू वाचतो आणि श्रेय औषधाला जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मेंदूच्या चकत्यांबरोबर तीन महिन्यांनंतरचा पंजाही मोजा.

आणि उत्तर ‘नाही’ आलं तर तेही छापा. संपादक मंडळींना वेगळं पत्र लिहायला हवं, पण तुमच्यातले बरेच जण परीक्षक म्हणून त्यांच्या टेबलावर बसतातच. ‘‘निकाल नकारात्मक आहे, नावीन्य नाही’’ असा शेरा लिहिण्याआधी थांबा. माझ्या दुसऱ्या तुकडीबद्दल कुणाला कळलं असतं तर तोच रेणू तसाच तपासण्यात दुसऱ्या कुणाची दोन वर्षं आणि कितीतरी प्राणी गेले नसते. ते गेले. त्यांनी छापलेला तक्ता मी वाचला. तोही तरुण नरांचाच होता.

माझ्या नोंदींची प्रत माझ्याकडे आहे. कोणता प्राणी, वय, वजन, लिंग, तापमान, औषध कधी दिलं, डाग किती, आठवड्यानंतर चालला कसा, सगळं त्यात आहे. ज्यांच्या प्रयोगशाळेत ते झालं त्यांची परवानगी मी या महिन्यात मागितली आहे. मिळाली की पानं सगळ्यांसाठी खुली करेन. तुमच्यापैकी ज्यांच्या कपाटात अशी वही आहे त्यांनी ती काढावी. मी फायदा दिसलेले आणि न दिसलेले, दोन्ही बाजूंचे आकडे एका तक्त्यात बसवायला तयार आहे. टीटीसीच्या चकत्यांचे फोटो असतील तर तेही पाठवा. कडा मी आखेन, आणि या वेळी कोणता उंदीर कोणत्या गटातला ते मला सांगू नका.

आपली,
एक माजी संशोधक विद्यार्थिनी